गोणपाटावरचे तीन ढीग

जुलैतला रविवार होता. बाहेर पावसाची झड लागलेली, म्हणून आप्पांनी पडवीतली बाकडी बाजूला सारली, चार गोणपाटं उसवून अंथरली आणि मला म्हणाले, "काय काय नेणार आहेस ते सगळं हितं मांड. पेटीतलं पेटीत नको, मोकळं मांड."

सप्टेंबरात आम्ही तिघं हिमाचलातल्या स्पितीला निघणार होतो. मी, दादा आणि दादाचा मुलगा. गाडी आमची जिप्सी, पेट्रोलवरची, दहा वर्षांहून जुनी. शिमल्यावरून किन्नौरमार्गे चढत स्पितीतलं मुख्य गाव काझा गाठायचं आणि कुंझुम खिंडीवरून मनालीकडे उतरायचं, असा बेत होता. या बाजूनं गेलं की उंची हळूहळू वाढते आणि शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. तीन महिने मी हत्यारं आणि स्पेअर जमवत होते. मांडता मांडता दोन गोणपाटं भरली, तिसरं अर्धं झालं. भाच्यानं धान्याचा काटा आणून सगळं तोललं, तर ९२ किलो भरलं. त्यात पाणी, जादा पेट्रोल, खाणं, पांघरुणं यांतलं काहीच धरलेलं नव्हतं.

जिप्सी जेमतेम एक टनाची गाडी. माणसं धरून पाचशे किलोच्या आसपास वजन तिनं वाहायचं. आम्ही तिघंच दोनशेच्या वर. वीस लिटर पाण्याचे वीस किलो, वीस लिटर पेट्रोलचे पंधरा. कागदावर हिशेब बसत होता. पण खडकाळ वाटेवर मागं भरलेला प्रत्येक किलो कमानपाट्यांवर आपटत जातो, आणि हे आप्पांइतकं कुणाला माहीत असणार? त्यांची ३१ वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये गेली. घाटात बंद पडलेली गाडी आणायला ब्रेकडाऊनची गाडी जायची, तेव्हा तिच्यात काय टाकायचं आणि काय डेपोतच ठेवायचं हे ठरवणाऱ्यांपैकी ते एक.

त्यांनी खुर्ची ओढली आणि एकेक वस्तू हातात घेऊन मला विचारायला लागले, "ही तुला बसवता येती का?"

फॅन बेल्ट? येतो. क्लच वायर? जमेल. व्हील बेअरिंग? नाही. क्लच प्लेट? गिअरबॉक्स उतरवावा लागतो, नाही. अल्टरनेटर? तसे दोनतीनच बोल्ट, पण थंडीत, उताराला, झोपून... मी थांबले. "येत न्हाई म्हण," आप्पा म्हणाले. त्यांनी अल्टरनेटर उचलून मागच्या भिंतीशी ठेवला.

असे तीन ढीग झाले. पहिल्यात मला रस्त्याच्या कडेला स्वतः बसवता येईल ते. दुसऱ्यात मला येत नाही, पण काझाच्या किंवा एखाद्या गावच्या मिस्त्रीला नक्की येईल, फक्त त्याच्याकडे तो सुटा भाग असेलच असं नाही, ते. आणि तिसऱ्यात उरलेलं, जे घरी राहणार. दुसरा ढीग मला एकटीला कधीच सुचला नसता. मी आजवर वस्तूंचा विचार फक्त दोन तऱ्हांनी करत आले होते, लागेल किंवा लागणार नाही. व्हील बेअरिंगचा एक जोड, त्याचं ऑइल सील आणि टाकीतला पेट्रोल पंप हे तीन नग या ढिगात गेले. तिघांचं मिळून वजन दोन किलोही नाही. डोंगरात मिस्त्री असतो, त्याच्या हातात कसब असतं, नसतो तो नेमका आपल्या गाडीचा भाग. तो आपल्या पेटीत असला की चार दिवसांचा खोळंबा एका दुपारवर येतो.

तिसऱ्या ढिगात काय काय गेलं ते सांगताना आजही थोडं वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं मी हौसेनं घेतलं होतं. हाय-लिफ्ट जॅक त्यात पहिला. तेरा किलोचं ते धूड. तो ज्या बंपरला लावायचा तो जिप्सीचा मूळचा बंपर पातळ पत्र्याचा, उचलायच्या आधीच वाकेल. पुढंमागं सरळ ॲक्सल असलेल्या गाडीला ॲक्सलखाली बाटली जॅक लावणं सोपं आणि सुरक्षित. त्याच्या जोडीला फूटभर लांबीरुंदीची, दोन इंच जाडीची लाकडी फळी, म्हणजे जॅक मऊ जमिनीत रुतत नाही. आणि दोन उट्या, चाकाला लावायला. दुसरी स्टेपनीही आप्पांनी काढायला लावली. त्यावर मी वाद घातला. दगडानं टायर बाजूनं फाटला तर पंक्चरच्या भोकात ठासायच्या रबरी दोरीनं तो सांधता येत नाही, हे माझं म्हणणं खरंच होतं. मग त्यांनी त्या मापाची एक ट्यूब आणि जुन्या टायरचा हातभर तुकडा आणून दिला. फाटलेल्या जागी आतून तो तुकडा, म्हणजे गेटर, लावायचा, आत ट्यूब घालायची आणि हळू चालवत गावापर्यंत जायचं. अठरा-वीस किलोच्या जागी दीड किलो. मी मान्य केलं.

पहिल्या ढिगातलं मात्र त्यांनी काहीच काढलं नाही, उलट भर घातली. बेल्ट, क्लच आणि ॲक्सिलेटर वायर, रेडिएटरचे वरखालचे दोन्ही होज, होज क्लिपा, प्लग, फ्यूज, दोन रिले, हेडलाइटचा बल्ब. यू-बोल्टचा एक जोड आणि पाट्याचा सेंटर बोल्ट. बांधायची तार, केबल टाय, एम-सील, इन्सुलेशन टेप, पाना पडला तर शोधायला चुंबकाची कांडी. या सगळ्यावर आप्पांनी अंगाच्या साबणाची एक वडी ठेवली. "हा आंघोळीचा न्हवं. पेटीतच ऱ्हाऊ दे."

पाण्यावरून आमचं जरा वाजलं. गाडीच्या पाण्यावरून. आमच्याकडे रेडिएटर कमी झाला की नळाचं पाणी टाकायची सवय सगळ्यांनाच. साताऱ्यात त्यानं फार बिघडतही नाही. पण सप्टेंबरात स्पितीतल्या लोसरसारख्या गावात रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. नुसतं पाणी गोठलं की फुगतं आणि रेडिएटर, कधी इंजिनचा ब्लॉकसुद्धा तडकवतं. निम्मं कूलंट, निम्मं शुद्ध पाणी असं मिश्रण उणे तीसच्याही खाली टिकतं. शिवाय साडेचार हजार मीटरवर पाणी ८५ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा तिथं पाणी दाबाखाली धरणारं रेडिएटरचं झाकण आणि त्याचा रबर धड असणं इथल्यापेक्षा जास्त गरजेचं. आप्पांनी ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः बाजारातून नवीन झाकण घेऊन आले.

मग तालीम. हा भाग मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि लोक नेमका हाच गाळतात. मेढ्याकडं आमचं थोडं शेत आहे. ऑगस्टमध्ये एका शनिवारी तिथल्या चिखलात आम्ही गाडी मुद्दाम रुतवली. दादानं टायरची हवा २८ पौंडांवरून १८ वर आणली, तर निम्मं काम तिथंच झालं. टायर पसरतो, त्याची पकड वाढते. फावड्यानं चाकापुढचा चिखल काढला, फळ्या सरकवल्या, गाडी निघाली. हवा पुन्हा भरायला बारा व्होल्टचा कंप्रेसर सिगारेट लायटरच्या खोबणीत लावला, आणि दोन मिनिटांत फ्यूज गेला. तो कंप्रेसर खोबणीच्या फ्यूजपेक्षा जास्त करंट ओढत होता. घरी आल्यावर त्याला थेट बॅटरीला लावायचे चिमटे बसवून घेतले. हे कुंझुमच्या वाऱ्यात कळलं असतं तर? जंपर केबलचंही तसंच. वरून जाडजूड दिसणारी, आत तांबं बोटभरही नाही. शेजाऱ्याच्या गाडीवरून करंट घेताना ती हाताला भाजायला लागली. ती बदलली.

क्लच वायर मी तीनदा बसवली. पहिल्यांदा दोन तास लागले, तिसऱ्यांदा पस्तीस मिनिटं. आप्पांनी मग एक युक्ती दाखवली. नवी वायर पेटीत न ठेवता जुनीच्या शेजारून, त्याच वाटेनं आधीच ओढून केबल टायनं बांधून ठेवायची. वेळ आली की फक्त दोन टोकं जोडायची. आणि वायर तुटलीच, बसवायला जागाही नसली, तर गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकून स्टार्टर मारायचा, गाडी गचका देऊन चालू लागते. हेही शेतात करून पाहिलं. भाच्याला ते जमलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मला अजून आठवतं.

ओढायच्या पट्ट्याबद्दल एवढं तरी सांगायलाच हवं. ताणला जाणारा नायलॉनचा दोर आणि न ताणला जाणारा पट्टा या दोन वेगळ्या वस्तू आहेत. रुतलेली गाडी झटका देऊन काढायला पहिला लागतो, बंद गाडी रस्त्यानं ओढत न्यायला दुसरा. न ताणणाऱ्या पट्ट्यानं झटका दिला की हूक उखडतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा येतो. चासीला बोल्टनं घट्ट बसवलेल्या हुकालाच दोर लावायचा, बंपरला किंवा ट्रेलर जोडायच्या गोळ्याला कधीच नाही. दोराच्या मध्यावर जड ओलं गोणपाट टाकायचं आणि बघ्यांना दोराच्या लांबीपेक्षा जास्त लांब उभं करायचं. यात मी कुणाचंही "काही होत नाही" ऐकत नाही.

भरताना आमचा नियम एकच होता, जे लवकर लागेल ते वर आणि हाताशी. आग विझवायचं नळकांडं ड्रायव्हरच्या सीटखाली, सीटबेल्ट कापायची सुरी पुढच्या खांबाला, औषधांची पिशवी पुढच्या सीटच्या मागं. गाडी आडवी पडली आणि मागचा दरवाजा अडकला तर या तीन वस्तू मागं असून उपयोग नाही. फावडं बाहेर बांधलं. पेट्रोलचा स्टीलचा जेरीकॅन बाहेर मागच्या बाजूला, आत कधीच नाही, आणि काठोकाठ भरलेला नाही, कारण उंचीवर बाहेरचा दाब कमी झाला की वाफ जोर करते. जड पेटी तळाला, मागच्या ॲक्सलच्या पुढं, रॅचेट पट्ट्यानं आवळलेली. गाडी उलटली तर सुटा पाना डोक्यात बसतो, म्हणून पट्टा ओढून पेटी तसूभरही हलत नाही हे दादा रोज सकाळी बघायचा. पान्यांसाठी वहिनीनं जुन्या ताडपत्रीची गुंडाळी शिवून दिली, प्रत्येक पान्याला वेगळा कप्पा. पाने आपटत नाहीत, आणि एखादा कप्पा रिकामा दिसला की काहीतरी रस्त्यावर विसरलं हे लगेच कळतं.

काटा पुन्हा लावला. ९२ चे ४४ झाले होते.

औषधांचं थोडक्यात. ओआरएस, पॅरासिटामॉल, बँडेज, जखमेचं औषध, बोटाला लावायचं ऑक्सिमीटर, आणि उंचीच्या त्रासासाठी डॉक्टरांना विचारून घेतलेल्या डायमॉक्सच्या गोळ्या. ऑक्सिजनचे छोटे डबेही घेतले, पण ते काही मिनिटांत संपतात. उंची सोसेनाशी झाली की खाली उतरणं हाच उपचार. खाण्यात पोहे, शेंगदाण्याची चटणी, गूळ, राजगिऱ्याचे लाडू. त्या उंचीवर कुकरशिवाय भात नीट शिजत नाही. पोहे भिजवले की झाले, म्हणून सहा किलो घेतले आणि तेच सगळ्यांत जास्त कामी आले. तिघांच्या स्लीपिंग बॅगा, मुक्काम हॉटेलात असला तरी. रात्र गाडीत काढायची वेळ आली तर त्या हव्यात, कारण काचा बंद करून, इंजिन चालू ठेवून झोपणं हा धुरानं मरायचा रस्ता आहे. सॅटेलाइट फोन आपल्याकडे परवानगीशिवाय बाळगता येत नाही. त्यामुळे दर मुक्कामावरून "आता निघालो, अमुक ठिकाणी अमुक वेळेपर्यंत पोचू" असा आप्पांना फोन करायचा आणि वेळ टळली तर त्यांनी काय करायचं, हे कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवलं.

किन्नौरमधल्या पोवारीच्या पंपावर टाकी आणि जेरीकॅन भरले. तिथून काझा दोनशे किलोमीटरच्या आसपास, आणि घाटात आठचं ॲव्हरेज धरलं तरी ४० लिटरच्या टाकीत ते बसत होतं. जेरीकॅन वाट अडून परत फिरावं लागलं तर, यासाठी. नाकोला पोचलो तेव्हा टायरची हवा मोजली. घरी भरलेल्या २८ च्या ३१ झाल्या होत्या. वर बाहेरचा दाब कमी होतो म्हणून काट्यावर हवा जास्त दिसते, थंडीनं थोडी उतरते. दोनतीन पौंड सोडून दिले. काझाला ३७४० मीटरवरचा तो पंप लागला. जेरीकॅनमधलं पेट्रोल टाकीत ओतलं, उरलेली टाकी पंपावर भरली. डबा रिकामाच पुढं नेला. त्या रिकाम्या डब्याचा पुढं उपयोग झाला.

लोसरला एका पिकअपवाल्या दादाचं टायर बसलं होतं. आमच्याकडच्या दोरीनं पंक्चर काढून दिलं, चार दोऱ्या त्याच्याकडेच ठेवल्या. मोबदल्यात त्यानं सांगितलं की बातलच्या पुढचे नाले सकाळी सातआठपर्यंत पार करा, दुपारी ऊन चढलं की वरचं बर्फ वितळून पाणी दुप्पट होतं. आम्ही पहाटे निघालो.

कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे. तिथून उतरलो, बातलला चाचा-चाचीच्या ढाब्यावर चहा घेतला आणि छतडूच्या वाटेला लागलो. रस्ता म्हणजे नदीतले गोटे. दोन नाले पार केले. दुसऱ्यातून वर चढताना मागून एक दणका बसला. दीड किलोमीटरनंतर भाचा म्हणाला, "आत्या, पेट्रोलचा वास येतोय."

गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. टाकीच्या खालच्या सांध्याजवळ दगड लागून चीर पडली होती, करंगळीच्या नखाएवढी. पेट्रोल थेंबाथेंबानं नाही, धारेनं येत होतं. मनात काय आलं ते सांगते. पहिला क्षण भीतीचा होता, पण दुसऱ्या क्षणाला हात ठरल्याप्रमाणे चालायला लागले. दादानं आगीचं नळकांडं काढून पिन ओढायच्या तयारीत धरलं. भाचा धोक्याचा लाल त्रिकोण घेऊन मागं शंभर पावलं गेला, येणाऱ्या गाड्या थांबवायला आणि कुणी विडी पेटवत नाही ना हे बघायला. मी चहाचं पातेलं धारेखाली ठेवलं. पातेलं भरलं की काझाच्या पंपापासून रिकामा ठेवलेला जेरीकॅन. सायलेन्सर गार होईपर्यंत आम्ही टाकीला हात लावला नाही.

एम-सील तिथं चालत नाही. ओल्या, पाझरणाऱ्या जागेला ते चिकटत नाही आणि थंडीत घट्ट व्हायलाही फार वेळ घेतं. आप्पांची साबणाची वडी काढली. घरी त्यांनी मला पत्र्याच्या जुन्या डब्याला खिळ्यानं भोक पाडून, आत पेट्रोल भरून हेच करायला लावलं होतं, अंगणात, तीन वेळा. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही. सुरीनं वडी किसली, पाण्याचा हातही न लावता तळव्यात मळली आणि गुळगुळीत झाल्यावर चिरेत अंगठ्यानं दाबत गेले. आधी धारेचे थेंब झाले. दुसरा लेप, तिसरा. थेंब थांबले. वर ट्यूबचा कापलेला तुकडा दाबून बसवला आणि टाकीच्या पट्ट्याला तारेनं आवळला. पुन्हा वाट बघितली. बोनेट उघडून, कापडानं सगळं पुसून, वास जाईपर्यंत तब्बल पाऊण तास. मग दादानं स्टार्टर मारला. मी श्वास रोखून धरला होता.

छतडूपर्यंत दर पाच किलोमीटरला खाली वाकून बघितलं. ग्राम्फूला एकदा नवा लेप दिला. मनालीत संध्याकाळी गॅरेजवाल्यानं टाकी उतरवून बघितली आणि विचारलं, "ये किसने लगाया?" मी आप्पांचं नाव सांगितलं.

घरी आल्यावर पुन्हा गोणपाटं पडवीत अंथरली. आप्पांनी वही घेतली आणि जे वापरलं त्यापुढं खूण करत गेले. यादीत ४१ नग, खुणा ११. फावडं, फळ्या, कंप्रेसर, दोऱ्या, पातेलं, तार, ट्यूब, साबण, त्रिकोण, आगीचं नळकांडं (वापरलं नाही, पण हातात होतं म्हणून त्यांनी खूण केली) आणि वहिनीची गुंडाळी. दुसऱ्या ढिगातलं बेअरिंग, सील आणि पेट्रोल पंप तसेच परत आले. त्यांच्यापुढं आप्पांनी "ऱ्हाऊ दे" असं लिहिलं. कापलेल्या ट्यूबच्या जागी नवी आणायची, दोऱ्यांचं पाकीट आणायचं, ऑक्सिजनचे डबे पुढच्या वेळी नकोत.

साबणाचा उरलेला तुकडा नखाएवढा झाला होता. तो त्यांनी फेकला नाही. नवी वडी वर्तमानपत्रात गुंडाळून पेटीच्या कोपऱ्यात ठेवली, तुकडा तिच्याशेजारी, आणि झाकण लावलं.